सॅक कोणी भरली?

नोव्हेंबरातल्या एका शुक्रवारी आमच्या शाळेच्या व्हरांड्यात रद्दीवाल्याकडून मागून आणलेला ताणकाटा टांगलेला असतो. सराव मोहिमेला निघायच्या आदल्या दिवशी प्रत्येकाने आपली सॅक त्या आकड्याला लावायची. हिशोब सोपा आहे. सॅकचं वजन स्वतःच्या वजनाच्या पाव भागाच्या वर जाता कामा नये. पाचव्या भागात बसलं तर उत्तम. एका वर्षी ४४ किलो वजनाच्या मुलीची सॅक टांगली आणि काटा १५ च्या पलीकडे गेला. उघडून बघितलं तर दोन-दोन लिटरच्या तीन भरलेल्या बाटल्या, स्टीलच्या डब्यात दोन किलो लाडू, एक सोलापुरी चादर, आणि सगळ्यात खाली, कुणाच्या हाताला लागणार नाही अशा बेताने, प्रथमोपचाराची पेटी.

"एवढं काय काय भरलंयस गं?"

"मला काय माहीत सर, मम्मीने भरलीय."

मम्मी शेजारीच उभी होती. ती हसली, मीही हसलो. पण गेली काही वर्षं शाळेत हा उपक्रम सांभाळताना पालकांनी मला जे जे विचारलं, त्यातल्या निम्म्याहून जास्त प्रश्नांचं उत्तर या एका प्रश्नात निघतं: सॅक कोणी भरली? योजनेत नाव घालायच्या विचारात असाल तर हा प्रश्न लक्षात ठेवा. तो पुढे परत परत येणार आहे.

योजना म्हणजे 'ड्यूक ऑफ एडिंबरा अवॉर्ड'. आपल्याकडे ती 'इंटरनॅशनल अवॉर्ड फॉर यंग पीपल', थोडक्यात आयएवायपी, या नावाने चालते. ब्रिटनमध्ये ती १९५६ साली प्रिन्स फिलिप यांच्या नावाने सुरू झाली, भारतात १९६२ साली आली, आणि आज १३०हून जास्त देशांत तिचं काम चालतं. तिचे पहिले संचालक होते जॉन हंट. १९५३ साली एव्हरेस्टवर पहिल्यांदा माणूस पोचला त्या मोहिमेचे हे नेते. त्यामुळे डोंगरात चालणं योजनेच्या हाडातच आहे.

कल्पना मात्र त्याआधीची, आणि राजवाड्यातली नाही, एका मास्तराची. कुर्ट हान हे जर्मन शिक्षणतज्ज्ञ. हिटलरच्या विरोधात उघड बोलले म्हणून १९३३ साली तुरुंगात गेले, सुटल्यावर ब्रिटनला आले आणि स्कॉटलंडमध्ये त्यांनी गॉर्डनस्टन ही शाळा काढली. प्रिन्स फिलिप तिथले विद्यार्थी. आजकालच्या मुलांत काय काय कमी होत चाललंय याची हान यांनी यादीच केली होती: शरीराची तंदुरुस्ती, पुढाकार, हातातलं कसब, स्वतःवरचा ताबा, दुसऱ्याबद्दलची कणव, अशी. यादी वाचून आपल्या आजोबांचं बोलणं आठवेल. फरक एवढाच की हान तक्रार करून थांबले नाहीत, त्यांनी मुलांसाठी एक बिल्ला काढला आणि तो मिळवायला काय काय करायचं ते ठरवून दिलं. पुढच्या अवॉर्डचं मूळ तिथे आहे. पुणेकरांना हान तसे लांबचे नाहीत. मुळशीचं महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेज ज्या कॉलेजांच्या साखळीत बसतं, तीही त्यांच्याच विचारातून उभी राहिली.

आता नियम. पातळ्या तीन: ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड. ब्राँझसाठी वय किमान १४, सिल्व्हरसाठी १५, गोल्डसाठी १६. आणि पंचविसावा वाढदिवस यायच्या आत सगळं संपवायचं. प्रत्येक पातळीवर चार विभाग असतात: सेवा, कौशल्य, शरीराची मेहनत आणि साहसी मोहीम. पहिल्या तिन्हींत आठवड्याला सरासरी एक तास द्यायचा. ब्राँझला तीन महिने, म्हणजे तेरा आठवडे; त्यातला एक विभाग तुमच्या पसंतीने सहा महिने न्यायचा. सिल्व्हरला प्रत्येकी सहा महिने, गोल्डला वर्ष. मधली पायरी गाळून थेट वरच्या पातळीला बसता येतं, फक्त एका विभागात सहा महिने जास्त द्यावे लागतात. गोल्डला आणखी एक पाचवी गोष्ट असते: घरापासून लांब, ओळखीच्या नसलेल्या माणसांबरोबर पाच दिवस आणि चार रात्री राहून काहीतरी काम करायचं. बाबा आमट्यांच्या सोमनाथच्या श्रमसंस्कार छावणीची गोष्ट घरात कुणी सांगितली असेल तर याची कल्पना लगेच येईल. अशी एखादी छावणी त्यासाठी धरली जाईल का, हे आधी अवॉर्ड लीडरला, म्हणजे शाळेत योजना सांभाळणाऱ्या शिक्षकाला, विचारून घ्या. जाऊन आल्यावर विचारू नका.

नंबर नाहीत. पहिला, दुसरा, उत्तेजनार्थ असलं काही नसतं. वर्गातल्या तिसांनी नाव घातलं आणि तिसांनी काम केलं तर तिसांनाही मिळतं. पालकसभेत हे सांगितलं की दोन-चार चेहरे पडतात. "मग त्याचा उपयोग काय?" हे कुणी तोंडाने विचारत नाही, पण ऐकू येतं.

कधी सुरू करायचं, याबद्दल माझं मत ठाम आहे. नववीत ब्राँझ. दहावीत काहीही नाही. सिल्व्हर दहावीच्या परीक्षेनंतर, अकरावीत. गोल्ड बारावीनंतर, कॉलेजात. वयाच्या नियमात बसतं म्हणून दहावीच्या वर्षात सिल्व्हर उरकायला निघालेली मुलं मी बघितली आहेत. डिसेंबर आला की सेवेचे तास वहीत भरतात, प्रत्यक्षात भरत नाहीत. घाई करायचं काही कारण नाही, पंचविशीपर्यंत मुदत आहे. मध्येच वडिलांची बदली दुबईला किंवा आणखी कुठे झाली तरी नोंदी ऑनलाइन असतात आणि नव्या ठिकाणच्या केंद्रात पुढे चालवता येतात. एवढं फक्त बघा की शाळा ही योजनेत रीतसर नोंदलेली आहे ना, आणि नावनोंदणीच्या फीत मोहिमेचा खर्च धरलाय की तो वेगळा. हे दोन प्रश्न जूनमध्येच विचारा.

सेवेपासून सुरू करतो, कारण गोंधळ सर्वांत जास्त तिथेच होतो. गणपती विसर्जनाच्या दिवशी निर्माल्य गोळा केलं, चांगलं केलं. पण ती एका दिवसाची सेवा. काकांच्या दुकानात रविवारी बसलं, तेही नाही. घरच्यांसाठी केलेलं आणि कुणाच्या धंद्याला मदत म्हणून केलेलं, दोन्ही इथे चालत नाही. हवं ते एकाच जागी, त्याच लोकांसाठी, आठवड्यामागून आठवडे. म्हणजे मुलगा आला नाही तर कुणाच्या तरी लक्षात येईल असं काम.

आमच्या एका मुलाने वृद्धाश्रम निवडला. रविवारी सकाळी जायचं ठरलं. तिसऱ्या आठवड्याला तिथले एक आजोबा त्याला म्हणाले, "बाळा, रविवारी येऊ नकोस. रविवारी सगळेच येतात. केळी देतात, फोटो काढतात. गुरुवारी ये." गुरुवारी संध्याकाळी शाळा सुटल्यावर तो जाऊ लागला. आजोबांना मोतीबिंदू होता. मुलगा त्यांना रोजचं वर्तमानपत्र वाचून दाखवायचा, आधी मृत्युलेख, मग क्रिकेट. त्याचं वाचन सुधारलं हे आम्ही कुठेही नोंदवलं नाही, कारण तो सेवेचा विभाग होता. पण तेव्हापासून सेवेसाठी जागा शोधणाऱ्या प्रत्येक मुलाला मी पहिलं सांगतो: जिथे जाणार तिथल्या माणसांना आधी विचार, तुम्हाला कुठल्या वारी आणि कशासाठी माणूस कमी पडतो.

अशा जागा हव्या तितक्या आहेत. वाचनालयात परत आलेली पुस्तकं लावणं. वस्तीतल्या अभ्यासिकेत तिसरीच्या मुलांकडून पाढे म्हणून घेणं. अंध विद्यार्थ्यांसाठी धडे वाचून रेकॉर्ड करणं, आणि परीक्षेत त्यांचा लेखनिक होणं. दहावीच्या परीक्षार्थीला लेखनिक खालच्या इयत्तेतला लागतो, म्हणजे नववीची मुलं यासाठी अगदी योग्य. मात्र लेखनिकाचं अक्षर चांगलं असलं की भागत नाही. सांगितलं तेवढंच, सांगितलं तसंच लिहायचं, उत्तर चुकतंय हे दिसत असलं तरी, हे चौदाव्या वर्षी फार अवघड जातं. त्याचा सराव आधी करून घ्या. आणि कुठल्याही संस्थेत मूल जाणार असेल तर पालकांनी एकदा स्वतः जाऊन जागा बघावी, तिथली जबाबदार व्यक्ती कोण ते विचारावं, मूल बंद खोलीत कुणा एकट्या मोठ्या माणसाबरोबर राहणार नाही याची खात्री करावी. इथे पालकांनी मध्ये पडणं हे त्यांचं कामच आहे.

कौशल्याच्या विभागात उलटा घोटाळा असतो. मूल सहा वर्षं तबला शिकतंय, तेच लिहून मोकळं होतं. चालतं, पण आज आहे तिथून पुढे गेलं पाहिजे. "तबल्यात प्रगती करणे" असलं ध्येय लिहू नका. "तीनतालातला एक कायदा चार पलट्यांसह दुगुनीत न अडखळता वाजवणे" असं लिहा. म्हणजे तेरा आठवड्यांनी गुरुजींना हो किंवा नाही एवढंच सांगावं लागेल. नव्याने काही घ्यायचं तर मोडी लिपी घ्या, शिवणयंत्र घ्या, पावाची भट्टी घ्या. आमच्याकडे एकीने सायकल दुरुस्ती घेतली. कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याने तिला पहिले दोन आठवडे नुसतं घमेल्याजवळ बसवलं. ट्यूब पाण्यात बुडवायची, दाबायची, बुडबुडे कुठून येतात तिथे बोट ठेवायचं, पुसायचं, घासायचं, सोल्यूशन लावायचं आणि मग थांबायचं. ते वाळेपर्यंत ठिगळ लावायचं नाही. तिच्या वहीत दुसऱ्या आठवड्याची नोंद एका ओळीची होती: 'आज थांबायला शिकले.' असेसर म्हणून, म्हणजे शेवटी तपासून सही करणारा म्हणून, आम्ही त्या सायकलवाल्यालाच घेतलं. असेसर घरचा माणूस नसावा आणि त्याला त्या कामातलं कळत असावं, एवढंच लागतं. डिग्री लागत नाही.

शरीराच्या मेहनतीबद्दल फार लिहीत नाही, कारण मुलं इथे आपोआप काहीतरी शोधतात. मल्लखांब, पोहणं, सूर्यनमस्कार, कबड्डी, कथक, काहीही. बुद्धिबळ इथे नाही, कौशल्यात. ज्याला खेळाची आवड नाही, ज्याला धाप लागते, ज्याला संघात कुणी शेवटपर्यंत निवडत नाही, त्याच्यासाठी हा विभाग जास्त मोलाचा आहे. असा एक मुलगा पर्वती चढायचा. १०३ पायऱ्या. पहिल्या दिवशी चार वेळा बसला. वहीत फक्त दोन आकडे लिहायचे: किती वेळा थांबलो, आणि वर पोचल्यावर मिनिटाला नाडीचे ठोके किती. तेराव्या आठवड्याला तो न थांबता वर गेला. शाळेच्या धावण्याच्या शर्यतीत त्या वर्षीही तो शेवटून दुसरा होता आणि योजनेला त्याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. दमा किंवा हृदयाचा काही त्रास असेल तर डॉक्टरांना विचारूनच ध्येय ठरवा.

नोंदींचं एक सांगून टाकतो. दर आठवड्याला, त्याच दिवशी, दोन-तीन ओळी. तारीख, किती वेळ, काय केलं, काय जमलं नाही. तेराव्या आठवड्याला बसून तेरा नोंदी एकदम पाडल्या की त्या लगेच ओळखू येतात. सगळ्यांत एकच शब्द असतात, आणि काही जमलं नाही असं कधी झालेलंच नसतं. परीक्षेच्या आठवड्यात खंड पडला तर पडू द्या, लिहा की पडला, आणि शेवटी तेवढे आठवडे वाढवा. ज्या घरात आई किंवा बाबा मुलाच्या लॉगिनने नोंदी भरतात तिथे मला सॅकचाच वास येतो.

आता मोहीम. हा भाग पोरांना सगळ्यांत जास्त आवडतो आणि पालकांना सगळ्यांत जास्त घाबरवतो, म्हणून इथे जरा थांबू.

ब्राँझला दोन दिवस एक रात्र, सिल्व्हरला तीन दिवस दोन रात्री, गोल्डला चार दिवस तीन रात्री. रोज अनुक्रमे निदान सहा, सात आणि आठ तास कामात गेले पाहिजेत. जेवण आणि झोप त्यात धरायची नाही. गाडी, जीप काही नाही, आपल्या पायांनी. आधी प्रशिक्षण, मग सराव मोहीम, मग खरी. गट चार ते सात जणांचा. चारपेक्षा कमी का नाही, हे मुलांनाच शोधायला लावा: एकाचा पाय मुरगळला तर एकाने त्याच्याजवळ थांबायचं आणि दोघांनी मिळून मदतीला जायचं, एकट्याने नाही. मोठी माणसं बरोबर असतात पण गटाच्या पुढे चालत नाहीत. ठरलेल्या ठिकाणी भेटतात, लांबून लक्ष ठेवतात. वाट चुकली तर चुकू देतात, धोका दिसला तरच पुढे होतात.

आमच्याकडे ब्राँझसाठी लोणावळा ते राजमाची हा रस्ता वर्षानुवर्षं चालतो. तुंगार्लीच्या धरणावरून राजमाचीच्या पायथ्याच्या उधेवाडीपर्यंत साधारण १५ किलोमीटर, बहुतेक सपाट कच्चा रस्ता. दुसऱ्या दिवशी कोंढाण्याच्या लेण्यांवरून कोंदिवड्याला उतरायचं आणि कर्जत गाठायचं. पावसाळ्यात नाही. ओढे भरलेले असतात, वाटा निसरड्या असतात आणि राजमाचीला माणसांची जत्रा असते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात बरा. उशिरा गेलात तर डोंगरावरच्या टाक्यांत पाणी उरत नाही आणि सॅकमध्ये पाण्याचंच वजन वाढतं. एक लिटर म्हणजे एक किलो. वर सांगितलेल्या मुलीने सहा किलो नुसतं पाणी घेतलं होतं. वाटेत आणि उधेवाडीत पाणी कुठे मिळतं हे आधी शोधलं असतं, तर दोन बाटल्यांत भागलं असतं.

नकाशा कागदावरचा घ्या. सर्व्हे ऑफ इंडियाचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशे त्यांच्या संकेतस्थळावरून मोफत उतरवून घेता येतात. नकाशावरचे दोन सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर, आणि एका समोच्च रेषेपासून पुढच्या रेषेपर्यंत २० मीटर चढ. दोऱ्याचा तुकडा वाटेच्या वळणांवर ठेवत न्या, मग तो पट्टीवर सरळ धरा, अंतर आलं. वेळ काढायला १८९२ साली नेस्मिथ नावाच्या एका स्कॉटिश गिर्यारोहकाने घालून दिलेला हिशोब अजून वापरतात: पाच किलोमीटरला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. हा हिशोब सडसडीत मोठ्या माणसाचा आहे. पाठीवर दहा किलो घेतलेली चौदा वर्षांची मुलं तासाला तीन-साडेतीन किलोमीटरच चालतात, दर पाऊण तासाला दहा मिनिटं बसतात, आणि मुरमाड उतारावर तर चढापेक्षाही हळू होतात. हे आकडे मुलांनी काढायचे. आमच्या सुरुवातीच्या एका गटाने लोणावळा ते उधेवाडी तीन तासांत असं लिहून दिलं होतं. त्यांना लागले सहा. मी काही बोललो नाही, सरावाची मोहीम त्यासाठीच असते.

मोहिमेला एक प्रश्न लागतो, नाहीतर ती सहल होते. 'गडाचा इतिहास' हा प्रश्न नव्हे, तो घरी बसून लिहिता येतो. राजमाचीच्या श्रीवर्धन बालेकिल्ल्यावर पाण्याची टाकी किती, त्यातल्या कोणत्यात पाणी आहे, कोणत्यात नुसता गाळ, पाणी येतं कुठून? असं काहीतरी घ्या, जे तिथे जाऊन, मोजून, वहीत चित्र काढूनच कळेल.

स्वयंपाक. दिवसातलं निदान एक पोटभर जेवण गटाने स्वतः रांधायचं. उधेवाडीत घरोघरी पिठलं-भाकरी मिळते, फार चांगली मिळते, आणि नेमकी संध्याकाळी चुलीचा धूर यायला लागला की आमच्या गटाची मूगडाळीची खिचडी करपते. सरावाच्या वेळी मी भाकरी खाऊ देतो. खऱ्या मोहिमेत नाही. पाच जणांना तांदूळ किती, डाळ किती, मीठ किती, हे घरच्या स्वयंपाकघरात एकदा त्याच भांड्यात आणि त्याच शेगडीवर करून बघायचं. शेगडी तंबूच्या आत कधीही पेटवायची नाही, थंडी असो की वारा. तंबू गडावर ठोकू नका. गड संरक्षित वास्तू आहेत; गावात विचारून कुणाच्या तरी खळ्यात किंवा अंगणात ठोका. येताना कचरा आपल्या सॅकमधून खाली आणा, तो वजनात धरा.

एका वर्षी रात्री साडेआठला उधेवाडीत जीपचा आवाज आला. लोणावळ्याहून त्या कच्च्या रस्त्याने जीप येऊ शकते, ही या वाटेची एकमेव खोट. एक काळजीवाहू बाबा सात जणांसाठी पुलाव घेऊन आले होते. मुलांची खिचडी नुकतीच उतरली होती, थोडी कच्ची, थोडी लागलेली. गटनेता असलेल्या मुलीने बाबांना विचारलं, "काका, तुम्ही खिचडी खाणार का?" काकांनी खाल्ली. पुलाव जीपमधून परत गेला. तो गावात वाटला असता तर बरं, असं मला नंतर सुचलं.

धोके खरे आहेत, ते झाकून ठेवायचे नाहीत. सह्याद्रीत मला सर्वांत जास्त भीती वाटते ती आग्या मोहोळाची. अत्तर, डिओ, सुवासिक तेल काही नाही. कड्याखाली धूर नाही, आरडाओरडा नाही, दगड मारणं तर नाहीच. साप चावला तर जागा कापू नका, चोखू नका, दोरीने आवळू नका. माणसाला शांत ठेवा, तो अवयव हलवू देऊ नका आणि प्रतिविष असलेलं जवळचं रुग्णालय गाठा. ते कुठलं, हे निघायच्या आधीच माहीत हवं. रुग्णवाहिकेसाठी १०८. डोंगरात सगळीकडे फोन लागत नाही, म्हणून कुठल्या वळणावर लागतो हे सरावाच्या वेळी नकाशावर खूण करून ठेवा. गटात एक फोन, बंद करून, प्लास्टिकच्या पिशवीत.

शाळा बाहेरच्या संस्थेकडून मोहीम करून घेत असेल तर पालकांनी हे विचारायचंच: महाराष्ट्राच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणाप्रमाणे त्या संस्थेची नोंदणी आहे का, बरोबर येणाऱ्यांपैकी प्रथमोपचाराचं प्रशिक्षण कुणी घेतलंय, विमा आहे का, आणि अडचण आली तर कोण कुणाला फोन करणार ते लिहून ठेवलंय का. उत्तर देताना समोरचा चिडला तर दुसरी संस्था शोधा. पालकांचा धाक इथे लागतो. सॅकमध्ये लाडू किती असावेत, तिथे लागत नाही.

तुमच्या शाळेत ही योजना नसेल तर हळहळत बसू नका. स्काऊट-गाइडमध्ये पायरीपायरीने राज्य पुरस्कार आणि राष्ट्रपती पुरस्कारापर्यंत जाता येतं, एनसीसी आहे. कॉलेजात राष्ट्रीय सेवा योजना आहे, वर्षाला १२० तास सेवा आणि सात दिवसांचं शिबिर. प्रत्येकाची शिस्त आणि गंध वेगळा. अवॉर्डमध्ये गणवेश नाही, परेड नाही. काय करायचं ते मुलाने ठरवायचं. ज्या मुलाला कुणी सांगितल्याशिवाय हलता येत नाही त्याला सुरुवातीला एनसीसी बरी वाटेल, आणि तेही ठीक आहे.

त्या ४४ किलोच्या मुलीचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. व्हरांड्यातच तिने सॅक रिकामी केली, फरशीवर सगळं मांडलं आणि एक-एक वस्तू परत आत टाकताना मोठ्याने म्हणायला लागली: ही मला, ही गटाला, ही नको. प्रथमोपचाराची पेटी सगळ्यात वर गेली. सोलापुरी चादर मम्मीच्या हातात. लाडूंपैकी सात आत गेले, माणशी एक. काटा साडेदहावर आला. मम्मी म्हणाली, "थंडी वाजली तर मला फोन करू नकोस." पोरगी म्हणाली, "फोन बंद असतो मम्मी."

परत आल्यावरचं एक काम पालक नेहमी करून टाकतात, ते करू नका. तंबू दवाने ओला असतो आणि तसाच घडी घालून ठेवला तर आठवड्याभरात बुरशी धरते. मुलं आल्या आल्या झोपतात, ती उठेपर्यंत तो तसाच राहू द्या. उठल्यावर त्यांनीच तो गच्चीवर वाळत घालायचा, माती झटकायची आणि सोमवारी शाळेत परत द्यायचा, खुंट्या मोजून. आमच्या तंबूला चौदा खुंट्या आहेत. त्या गटाने परत केल्या तेव्हा तेराच भरल्या. कुठे राहिली यावरून सात जणांत बरंच भांडण झालं. पुढच्या गुरुवारी माझ्या टेबलावर कागदात गुंडाळलेली चौदावी खुंटी होती, लोहाराकडून करून आणलेली, बाकीच्यांपेक्षा बोटभर लांब आणि दुप्पट जड.